काकांच्या नावावरची जमीन आणि रत्नागिरीच्या वकीलबाई : फी देऊन घेतलेल्या सल्ल्याचा अनुभव

जमिनीचे कागद तपासून लेखी मत देणाऱ्या एका वकीलबाईंच्या कामाबद्दल लिहितेय. वकिलांनी स्वतःची जाहिरात करू नये असा बार कौन्सिलचा नियम आहे, म्हणून नाव आणि पत्ता देत नाही. त्या रत्नागिरीत बसतात, जमिनीचीच कामं घेतात, आणि दुसऱ्याच्या नावावर घेतलेल्या जमिनींची भांडणं त्यांच्याकडे फार येतात. कोकणात हे घरोघरी आहे. चाकरमान्यानं मुंबईहून पैसे पाठवले, खरेदीखत गावच्या भावाच्या नावावर झालं, आणि पुढच्या पिढीत दोन घरांचं बोलणं बंद झालं. अशा कुणाला उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. अण्णा, म्हणजे माझे वडील, लालबागला गिरणीत. थोरले काका गावी. १९८० साली शेजारची साडेतीन एकर विकायला निघाली, थोडं भातखाचर आणि बाकी वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन. अण्णांनी गिरणीच्या पतपेढीतून कर्ज काढून पैसे पाठवले आणि खरेदीखत काकांच्या नावावर झालं. आजोबा गेल्यापासून घरच्या सगळ्या सातबाऱ्यांवर काकांचंच नाव होतं, पुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेलं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. त्यामुळे याही जमिनीला काकांचं नाव लागलं यात तेव्हा कुणाला काही वावगं दिसलं नाही. काका होते तोवर तांदूळ, आंबे, कोकम सगळं वाटून यायचं. काका गेले, मग अण्णा गेले. वारस म्हणून चुलतभावाचं नाव चढलं. आणि मग एक दिवस गावातून कुणीतरी पेपरातल्या जाहीर नोटिशीचा फोटो पाठवला : अमुक गट नंबरची मिळकत निर्वेध आणि बोजारहित असल्याचं मालकानं सांगितलं आहे, कुणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवावी.

त्या दोन दिवसांत आम्हाला भेटलेल्या सल्लागारांबद्दल दोनच वाक्यं. एकानं ‘सातबाऱ्यावर नाव चढवून देतो’ म्हणून आगाऊ रक्कम मागितली. दुसऱ्यानं एक नोटीस लिहून दिली, तिच्यात पहिल्याच परिच्छेदात होतं की आमच्या वडिलांनी ही जमीन स्वतःच्या पैशानं, पण काकांच्या नावे बेनामी घेतली होती, सबब खरे मालक आम्ही.

ही नोटीस घेऊन मी आणि आई रत्नागिरीला गेलो. बाईंनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “ताई, ही पाठवलीत तर तुमच्या भावाला वकील करायची गरजच नाही.” मग त्यांनी जे समजावलं त्यासाठी त्यांची फी मला थोडीच वाटते.

बेनामी व्यवहारांचा कायदा १९८८ चा. त्याचं कलम ४ सांगतं की ज्याच्या नावावर बेनामी मिळकत आहे त्याच्याविरुद्ध ‘खरा मालक मी’ असा दावाच लावता येत नाही. तुमच्याकडे पैसे दिल्याचे शंभर पुरावे असले तरी कोर्टाचं दार बंद. आमची खरेदी १९८० ची, कायदा नंतरचा, मग तो आम्हाला कसा लागू, हे मी विचारलंच. तर १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं राजगोपाल रेड्डी खटल्यात ठरवलं की कायदा येण्याआधी दाखल झालेले दावे चालू राहतील. पण दावाच कायद्यानंतर लावायचा असेल, तर व्यवहार जुना असून उपयोग नाही. आम्ही आज लावणार, म्हणजे आम्ही त्या बंदीत.

२०१६ ला हा कायदा आणखी कडक झाला, १ नोव्हेंबर २०१६ पासून. बेनामी व्यवहाराला किमान एक ते कमाल सात वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड, शिवाय मिळकत सरकारजमा. आणि हे ऐकून आई दचकलीच : ज्याच्या नावावर जमीन आहे त्यानं राजीखुशीनं खऱ्या मालकाच्या नावे ती परत करून द्यायलाही कलम ६ नं बंदी आहे. ‘भावाचं मन वळवू, बक्षीसपत्र करून घेऊ’ हा गावोगावचा तोडगा तिथेच संपतो. जुन्या व्यवहारांना ही शिक्षा-जप्ती लागू नाही असं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये गणपती डीलकॉम खटल्यात म्हटलं होतं, पण १८ ऑक्टोबर २०२४ ला तो निकाल खुद्द सुप्रीम कोर्टानंच मागे घेतला. “तेव्हा स्वतःच्या सहीनं स्वतःवर बेनामीचा शिक्का मारून घेऊ नका,” असं बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, पण भाऊ-बहिणींना तर सूट आहे ना? सगळेच तसं सांगतात. सूट आहे, पण अर्धीच सांगितली जाते. भाऊ, बहीण, आई-वडील, मुलं-नातवंडं यांच्यासोबत घेतलेली मिळकत बेनामी ठरत नाही, मात्र कुठल्या तरी दस्तात दोघांची नावं सहमालक म्हणून हवीत आणि पैसा ज्ञात मार्गाचा हवा. एकट्या भावाच्या नावावर घेतलेली जमीन या सुटीत बसत नाही. नवऱ्यानं बायकोच्या किंवा मुलांच्या नावावर, स्वतःच्या हिशेबी पैशातून घेतली तर तिला वेगळी, दुसरी सूट आहे. आणि तिसरी सूट एकत्र हिंदू कुटुंबाची : कर्त्याच्या किंवा कुटुंबातल्या कुणाच्या नावावर असलेली, पण कुटुंबाच्या पैशातून कुटुंबासाठी घेतलेली मिळकत.

इथून बाईंचं खरं काम सुरू झालं. त्यांनी सांगितलं, मला मूळ खरेदीखत हवं आणि घरात जुना जो जो कागद असेल तो न निवडता आणा. न निवडता हे महत्त्वाचं. आपल्याला जो कागद कामाचा वाटतो तो बहुतेक वेळा कोर्टाच्या कामाचा नसतो.

खरेदीखत आईच्या ट्रंकेत होतं. ही गोष्ट ऐकताच बाई पहिल्यांदा हसल्या. काकांच्या नावावरचा मूळ दस्त इतकी वर्षं डोंबिवलीत आमच्या घरी का, याचं उत्तर चुलतभावाला द्यावं लागेल. मग त्यांनी तो खिडकीशी नेऊन वाचला. घडीवर फाटत आलेला स्टॅम्प पेपर, विकणाऱ्याचा निळसर अंगठा, मागच्या बाजूला सब-रजिस्ट्रारचा शेरा. त्या ओळ न ओळ बोट ठेवून वाचत होत्या, चतुःसीमांसकट. दुसऱ्या पानावर बोट थांबलं. “सदर मिळकत आपण आपले एकत्र कुटुंबाचे वहिवाटीकरिता खरेदी घेत आहात.” त्या काळच्या दस्तलेखनिकानं कदाचित सवयीनं लिहिलेली ओळ असेल. बाईंनी तिच्याखाली पेन्सिलनं रेघसुद्धा मारली नाही, मूळ दस्तावर काही लिहायचं नसतं म्हणून. एका कागदावर ती जशीच्या तशी उतरवून घेतली आणि म्हणाल्या, “तुमचा दावा बेनामीचा नाही. तो वाटपाचा आहे.”

१९७३ च्या एका निकालात, जयदयाल पोद्दार खटल्यात, सुप्रीम कोर्टानं दुसऱ्याच्या नावावरचा व्यवहार ओळखायला सहा गोष्टी पाहाव्यात असं सांगितलंय : पैसा कुणाचा, खरेदीनंतर ताबा कुणाचा, दुसऱ्याचं नाव लावायला कारण काय, दोघांचं नातं आणि परिस्थिती काय, मूळ दस्त कुणाकडे, आणि नंतर दोघं कसे वागले. सिद्ध करायची जबाबदारी जो म्हणतो त्याची. एकत्र कुटुंबाचा दावा लावायचा तरी याच प्रश्नांतून जावं लागणार, म्हणून बाईंनी आम्हाला या सहाही प्रश्नांवर बसवलं आणि आमच्या उत्तरांना अजिबात गोंजारलं नाही.

पैशाचं उत्तर चांगलं निघालं. पतपेढीच्या कर्जाच्या अर्जाची प्रत होती, कारणाच्या रकान्यात ‘गावी घरची जमीन घेण्याकरिता’. मनीऑर्डरच्या पोचपावत्या होत्या, प्रत्येकीवर काकांची सही. ताब्याचं उत्तर लंगडं. पीकपाणी काकांचं, शेतसाऱ्याच्या पावत्या काकांच्या नावाच्या. आई म्हणाली, पण जांभ्याचा गडगा आमच्या पैशातून घातलाय. बाईंनी विचारलं, “कागद?” कागद म्हणून काकांचं एक आंतरदेशीय पत्र निघालं, त्यात गडग्याचे पैसे पोचल्याचं आणि ‘आपल्या’ नवीन जागेत कलमं लावल्याचं लिहिलेलं. आईनं ते पत्र इतकी वर्षं जपलं होतं ते काकांचं अक्षर म्हणून. बाईंनी ते प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं आणि आईच्या हातात परत दिलं, स्वतःकडे ठेवलं नाही. मूळ कागद पक्षकाराकडेच राहिला पाहिजे, असा त्यांचा नेम आहे. मला हा नेम फार आवडला, कारण वकिलाकडे अडकून पडलेल्या मूळ दस्तांच्या कहाण्या आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत.

कारणाचा प्रश्न सर्वांत अवघड. अण्णांनी स्वतःचं नाव का लावलं नाही? बाईंचं म्हणणं, इथे लोक गोष्ट रचतात आणि उलटतपासणीत पडतात. खरं कारण एवढंच होतं की घरातला सगळा कारभार काकांच्या नावानं चालायचा. ते दाखवायला त्यांनी आजोबांच्या मृत्यूनंतरचा वारसाचा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलल्याची नोंद, मागवला. आजचा डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो, तो मी आधीच काढून नेला होता, पण त्यावर जुनं काही कळत नाही. जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल काढून आणावे लागले, ते त्यांच्या कारकुनानं केलं. त्या फेरफारात स्पष्ट लिहिलेलं निघालं की दोघे भाऊ वारस, आणि थोरल्याचं नाव ए.कु.मॅ. म्हणून लावलं. आमच्या प्रकरणाचा कणा तोच कागद आहे.

लेखी मतात मात्र त्यांनी धोकाही तितकाच स्पष्ट लिहिला. एकत्र कुटुंब आहे म्हणून त्यातल्या एकाच्या नावावरची प्रत्येक मिळकत कुटुंबाची, असं कायदा गृहीत धरत नाही. ते दाखवावं लागतं. कर्ज अण्णांचं एकट्याचं, तेव्हा तो पैसा कुटुंबाचा कसा, हा प्रश्न समोरून येणारच. दुसरी वाट म्हणून त्यांनी विश्वस्ताच्या नात्याची सूट मांडली आहे, म्हणजे नाव एकाचं, पण जमीन त्यानं दुसऱ्याच्या हितासाठी विश्वासानं सांभाळलेली. २०१२ मध्ये मार्सेल मार्टिन्स खटल्यात, बंगलोरच्या एका घराबाबत, भावंडांनी पैसे घालून एकाच्या नावावर केलेली मिळकत सुप्रीम कोर्टानं त्या नात्यात धरली होती. पण हे सगळं पुराव्यावर ठरणार, ‘खात्रीनं जिंकू’ असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. मला अशाच माणसाला पैसे द्यायला आवडतं.

सातबाऱ्याबद्दलही एक भ्रम त्यांनी दूर केला. सातबारा आणि फेरफार हा मालकीचा दस्त नव्हे. महसूल संहितेच्या कलम १५७ नं त्यातली नोंद खरी मानली जाते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. मालकीचा निवाडा दिवाणी कोर्टाचा, तहसीलदाराचा नाही. म्हणून ‘सातबाऱ्यावर नाव चढवून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देणं वायफळ. मात्र सातबाऱ्याकडे दुर्लक्षही करायचं नाही. महसूल खात्याच्या ‘आपली चावडी’ या साइटवर आपल्या गावच्या फेरफाराच्या नोटिसा दिसतात, त्या बघत राहायला त्यांनी सांगितलं, कारण विक्री झालीच तर नोंदीवर वेळेत हरकत घेता येते. नोंदणी खात्याच्या ऑनलाइन मोफत शोध सेवेवर सूची दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, कशी पाहायची हेही कारकुनानं माझ्या फोनवर दाखवलं. आता मी ते स्वतः बघते.

इथे दुसऱ्या एका प्रकरणाबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण बाईंची पारख मला त्यात कळली. माझ्याबरोबर ऑफिसमधले एक सहकारी आले होते. त्यांनी मुरबाडकडे एक एकर घेतली, पण ते शेतकरी नाहीत. आपल्याकडे कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. एजंटानं वाट दाखवली : ओळखीच्या शेतकऱ्याच्या नावावर खरेदीखत, आणि त्याच्याकडून तुमच्या नावे साठेखत (पुढे विकण्याचा करार) नि मुखत्यारपत्र. पैसे बँकेतून गेलेले, सगळं हिशेबी. आता तो शेतकरी ओळख दाखवत नाही. सहकाऱ्यांना वाटत होतं की बँकेचा पुरावा आहे म्हणजे केस भक्कम. बाईंनी कागद पाहिले आणि सांगितलं, पैसा तुमचा, नाव त्याचं, कारण कायदा चुकवणं. तुमचा भक्कम पुरावा हाच तुमच्याविरुद्धचा पुरावा आहे. दावा लावलात तर कलम ४ आडवं येईल, आणि कूळकायद्याचं ८४-क लावून जमीन सरकारकडे जाऊ शकते ते वेगळंच. हे प्रकरण मी घेणार नाही, आणि दुसऱ्या कुणी घेतलं तर त्यानं लेखी काय दिलंय ते बघा. त्यांच्याकडून त्यांनी फक्त सल्ल्याची फी घेतली. वर्षानुवर्षं तारखा चालवून पैसे घेता आले असते, ते त्यांनी घेतले नाहीत. सहकारी परतीच्या गाडीत गप्प होते, पण आता ते मलाच म्हणतात की निदान खरं कळलं.

आमचं पुढे काय झालं ते थोडक्यात. मुदतीत लेखी हरकत गेली, सोबत खरेदीखताची नक्कल आणि वारसाचा फेरफार. घेणाऱ्याच्या वकिलानं मूळ दस्त दाखवा म्हणताच चुलतभावाची अडचण झाली आणि व्यवहार तूर्त थांबला. वाटपाचा दावा आणि मनाईचा अर्ज तयार आहे. दाखल करण्याआधी बाईंनीच एक पत्र पाठवायला लावलं, भाषा साधी, ‘दादा’ असं संबोधून. आठवड्यानं दादाचा फोन आला, बसून बोलू म्हणाला. आपसात ठरलं तर संहितेच्या कलम ८५ प्रमाणे संमतीनं वाटप होऊ शकतं, शेतजमिनीच्या वाटणीपत्राला स्टॅम्पही नाममात्रच लागतो. पण बाईंनी बजावलं आहे की जमीन एकत्र कुटुंबाची आहे हे खरं असेल तरच ही वाट, नुसतं नाव फिरवायला वाटणीपत्राचा सोंग म्हणून वापर करायचा नाही. काही तडजोड झाली तरी ती लेखी आणि नोंदवलेली हवी. बोलणी चालू आहेत.

आता सेवेतल्या उणिवा. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ज्यांच्याकडे जुन्या आठवणी आणि जुने कागद असतात ती माणसं सत्तरीच्या पुढची, त्यांना हा जिना जड जातो. आई प्रत्येक वेळी मधल्या कठड्यावर टेकत वर गेली. बाई फोन उचलत नाहीत, कारकून अर्धंच सांगतो, आणि ‘मॅडम कोर्टात आहेत’ हे उत्तर संध्याकाळी सातलाही मिळतं. शोध अहवाल ठरल्या तारखेला मिळाला नाही, आणि नोटिशीची मुदत चालू असताना ती धाकधूक आम्ही सोसली. हरकत वेळेत गेली हे खरं, पण आधी सांगितलं असतं तर आईची झोप उडाली नसती. अहवालाची भाषाही जड. ‘पूर्वहक्कदार’, ‘इतर अधिकारातील बोजा’, ‘आकारणी’ असं सगळं सलग, शेवटचं मत पाचव्या पानावर. मत पहिल्या पानावर आणि साध्या मराठीत दिलं तर घरातले सगळे वाचतील. हे मी त्यांना सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं.

फीबद्दल तक्रार नाही. पहिल्या भेटीचे दीड हजार, तीस वर्षांच्या शोधासह लेखी मताचे नऊ हजार, नकलांचा सरकारी खर्च वेगळा आणि त्याच्या पावत्या हातात. आमचा दस्त तीस वर्षांच्याही मागचा असल्यानं जुन्या सूचीचं काम वाढलं, त्याचे पैसे वाढवून मागितले नाहीत. दाव्याची फी वेगळी, टप्प्यानं, आणि ती आधीच कागदावर लिहून दिली आहे.

पाचपैकी मी साडेचार देईन, अर्धा जिना आणि फोनसाठी कापला. त्या शनिवारी फक्त नव्या लोकांना भेटतात, सकाळी दहाच्या आत गेलात तर नंबर लागतो. जाताना मूळ खरेदीखत न्या, झेरॉक्सवर त्या मत देत नाहीत. जुनी पत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या, पतपेढीची पासबुकं, लग्नपत्रिकेच्या मागे लिहिलेले हिशेब, जे काही ट्रंकेत असेल ते तसंच पिशवीत भरा. आणि घरात त्या वेळचं कुणी हयात असेल तर त्यांना सोबत घेऊन जा, जिन्यावर हात धरायला एक तरणं माणूस बरोबर असू द्या.